फुगलेला केंड हसत नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला स्कूबा डायव्हिंगवरचा पानभर लेख काल सकाळीच वाचला. तेव्हाच लिहायला बसणार होते, पण नवरा म्हणाला, एक रात्र जाऊ दे. रात्र गेली. राग आहे तिथेच आहे.

लेखाची भाषा चांगली आहे, हे आधी मान्य करते. ‘निळाई’ हा शब्द अकरा वेळा आला आहे (मोजला), तरी वाचताना कंटाळा आला नाही. समुद्राखाली पहिल्यांदा गेलेल्या माणसाचं भान कसं हरपतं ते मलाही ठाऊक आहे. पण भान हरपलेल्या माणसाने लिहिलेलं छापण्याआधी भानावर असलेल्या कुणीतरी वाचायला नको का? तुमच्याकडे त्यासाठी माणसं असतात अशी माझी समजूत होती.

लेखासोबतचा तो मोठा फोटो बघून नवऱ्याने विचारलं, “अगं, तुझा फोटो छापलाय की काय?” दोन्ही हातांत टम्म फुगलेला केंड मासा धरलेला डायव्हर, आणि खाली ओळ, ‘समुद्रजीवांशी गट्टी’. नवऱ्याचा टोमणा बरोबर बसला. का, ते पुढे सांगते. आधी ज्यात कुणाचा तरी जीव जाईल ते.

चौकटीत तुमच्या लेखकाने नवख्यांना सल्ला दिला आहे, की फोटो काढताना क्षणभर श्वास रोखून धरा, म्हणजे बुडबुडे मध्ये येत नाहीत. अहो, स्कूबाच्या पहिल्या तासाला, पाण्यात पाय भिजायच्याही आधी, जो एक नियम घोकून घेतात तो हाच, की श्वास कधीही रोखायचा नाही. कधीही. दहा मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. सिलिंडरला जोडलेला रेग्युलेटर तोंडात असतो, तो हवा देतो तीही त्याच दाबाने. १९४३ साली जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी जी करामत केली ती हीच. म्हणून तर एवढ्या खाली छाती पाण्याखाली दबून न जाता आरामात श्वास घेता येतो. आता तिथे छातीभर हवा घ्या, फोटोसाठी तोंड मिटा, आणि कॅमेऱ्याकडे बघता बघता नकळत वर तरंगा. छाती भरलेली असली की माणूस वर जातोच. दहा मीटरवरची ती हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसं काही फुग्याची नसतात. ती फाटतात. हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी दहा मीटरही लागत नाहीत, भरलेल्या छातीने दीड-दोन मीटर वर येणंही महागात पडू शकतं. एवढं सगळं कशासाठी, तर फोटोत बुडबुडे नकोत!

त्याच चौकटीत ‘पाठीवर ऑक्सिजनचं सिलिंडर’ असंही आहे. ही चूक सगळेच करतात, पण तुम्ही वर्तमानपत्र आहात. सिलिंडरमध्ये साधी हवा असते, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. त्यात ऑक्सिजन २१ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. निव्वळ ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा वागू लागतो, झटके येतात. लेखक १५ मीटरवर गेले होते म्हणे. ऑक्सिजन घेऊन गेले असते तर हा लेख आपल्याला बहुधा वाचायला मिळाला नसता. (मोह होतोय, पण पुढचं वाक्य लिहीत नाही.) आणि त्या १५ मीटरवर त्यांना ‘लालभडक प्रवाळ’ दिसले! पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. त्या खोलीवर टॉर्च नसेल तर लाल वस्तू करड्या, मातकट दिसतात. टॉर्च होता असं धरून चालते.

आता केंडाकडे येते. हे लिहायला मला बरं वाटत नाहीये.

माझी ती सातवी डाइव्ह. बारा मीटरच्या आसपास होतो, आम्ही सहा जण आणि गाइड. कुठे ते सांगत नाही, कारण असे गाइड सगळ्याच समुद्रांत असतात. त्याने सिलिंडरवर सळईने टण् टण् वाजवलं, आम्ही जमलो. एका खडकाच्या कपारीत केंड निवांत पडला होता. गाइडने त्याला बाहेर ओढला, दोन-तीनदा दाबला, आणि तो फुगला. केंड हवा भरून फुगत नाही, पाणी पितो. घोटांमागून घोट, पोट चेंडूएवढं होईपर्यंत. मग तो चेंडू आमच्यात फिरला. मी चौथी होते.

हातात घेतल्यावर कातडी ओल्या रबरासारखी लागली, आणि तिच्यावर बारीक बारीक खरखर. तोंड उघडं, आत चार दातांची मिळून झालेली चोच. बाजूचे दोन छोटे पर पंख्यासारखे भरभर हलत होते आणि तो जागचा हलत नव्हता. एक डोळा माझ्याकडे होता. दुसरा वेगळाच फिरत होता, बहुधा वाट शोधत. मी अंगठा वर करून... नाही, डायव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. मी ‘ओके’ची खूण करून फोटो काढून घेतला. पुढच्याला दिला. सहावा झाल्यावर गाइडने त्याला सोडून दिलं, आणि तो प्रवाहाबरोबर तिरका तिरका लोळत गेला. तो कुठे अडकला, कुणी गिळला का, हे बघायला आमच्यातलं कुणी थांबलं नाही. पुढे कासव दिसलं होतं.

तो फोटो नऊ वर्षं आमच्या बैठकीच्या खोलीत होता. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, कसा हसतोय बघा. मीही म्हणायचे.

केंड फुगतो तो जिवाच्या भीतीने. हे त्याचं शेवटचं हत्यार. (अंगातलं विष धरलं तर त्याच्या आधीचं. पण ते खाल्ल्यावर कळतं, त्याचा त्याला काय उपयोग?) एकदा फुगल्यावर त्याचं शरीर पूर्ववत व्हायला सरासरी पाच तासांहून जास्त लागतात, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं आहे. आमच्यानंतर दुपारी दुसरी बोट आली असणार आणि त्याच गाइडला ती कपार माहीत होती. हा हिशेब मला नऊ वर्षांनी सुचला, आणि तोही आपणहून नाही.

झालं असं, की दुसऱ्या एका ठिकाणी एक इन्स्ट्रक्टर बाई माझं लॉगबुक, म्हणजे डाइव्हची नोंदवही, चाळत होत्या. त्यात सातव्या डाइव्हसमोर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘केंड फुगवला!!’ दोन उद्गारचिन्हं. बाईंनी वाचलं, एवढंच विचारलं, “किती वेळ बघितलात त्याला?” मी म्हटलं, मिनिटभर असेल. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आठ मीटरवर एका ओसाड वाळूत नेलं. प्रवाळ नाही, रंग नाही, निळाईसुद्धा गढूळ. एका बिळापासून दोन मीटरवर हाताने ‘थांब’ अशी खूण केली आणि हाताची घडी घातली. मीही घातली.

आधी काही दिसेना. नुसता आवाज, जणू कुणी लांबवर लाह्या फोडतंय. मग बिळाच्या तोंडाशी बोटभर लांबीचा गोबी मासा दिसला, पहाऱ्याला बसल्यासारखा. आणि त्याच्या मागून एक कोळंबी आली, नांग्यांत वाळूचा ढीग ढकलत. वाळू बाहेर टाकली, आत गेली, परत आली. पुन्हा वाळू. तिला जवळजवळ दिसत नाही. म्हणून बाहेर असताना तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीने शेपटी जराशी हलवली की ती आत पळते. अगदीच संकट असेल तर तिच्यापाठोपाठ तोही डोकं खाली घालून बिळात. घर तिने खणायचं, पहारा त्याने करायचा. ती एकदा स्वतःहून मोठा शिंपल्याचा तुकडा घेऊन बाहेर आली, ठेवला, मनासारखा बसला नाही म्हणून पुन्हा उचलून पलीकडे ठेवला. मिशी मात्र सुटली नाही.

माझे बुडबुडे सुटले की सुरुवातीला गोबी दचकायचा. श्वास रोखावा असा मोह मलाही झाला, हे तुमच्या लेखकांना सांगा. मी रोखला नाही. हळू घेतला, हळू सोडला, आणि पाचेक मिनिटांत त्याला माझ्या बुडबुड्यांची सवय झाली. वीस मिनिटं आम्ही तिथे होतो. एकही फोटो नाही. घरी आल्यावर भिंतीवरचा केंड मी काढला. नवऱ्याने विचारलं, रंग द्यायचाय का? मी हो म्हटलं.

तर असा फोटो तुम्ही चार कॉलम छापता आणि खाली ‘गट्टी’ लिहिता. त्याच लेखात ‘सुंदर शंख दिसला तर जरूर हातात घेऊन पाहा’ असाही आग्रह आहे. कोन शेल नावाचा शंख अत्यंत सुंदर असतो. आतली गोगलगाय भाल्यासारखा दात मारते, आणि तिच्या काही जातींच्या विषाने माणसं मेली आहेत. जरूर पाहा. लांबून. शार्कच्या भीतीवर मात्र लेखकाने दोन परिच्छेद खर्च केले आहेत. मला आजवर जे शार्क दिसले ते सगळे पाठमोरे होते, कारण आमच्या बुडबुड्यांचा गोंगाट त्यांनाच सहन होत नाही.

फोटोचं तुम्ही काय कराल ते करा. निदान श्वास रोखण्याच्या त्या सल्ल्याचं शुद्धिपत्र छापा, आणि ते पहिल्या पानावर छापा. आतल्या पानावर पंचांगाखाली नको. मागचं माझं पत्र तुम्ही तिथेच छापलं होतं, तेही निम्मं.

आणि विषय निघालाच आहे तर, त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात ‘जगातला सर्वांत मोठा मासा (४)’ असं आहे. आज उत्तर आलंय, ‘देवमासा’. नावात मासा आहे म्हणून तो मासा होत नाही, नाहीतर तारामासाही मासाच म्हणा. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, शेपटी वर-खाली हलवतो. माशांची शेपटी डावी-उजवीकडे हलते. सर्वांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क. व्हे-ल-शा-र्क, तोही चारच घरांत बसतो, म्हणजे तीही अडचण नव्हती. खरं सांगायचं तर मीही ‘देवमासा’च भरला. पेन्सिलीने. उभे तीन शब्द अडले होते.

आपली,
एक जुनी वाचक