बायला पत्र: मैल कुठला?

मिरकरवाडा, रत्नागिरी
नारळी पुनवेचा आदला दिवस

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आणि मैल म्हणजे 1852 मीटर. मग रत्नागिरीचं गणित केलं की 1844 च्या आसपासच का येतं?" तेवढ्यात रेंज गेली. म्हणून कागद घेतला.

तुझं गणित बरोबर आहे. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी, त्यामुळे हे मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, सगळीकडे सारखं भरत नाही. विषुववृत्तावर सुमारे 1843 मीटर, ध्रुवापाशी 1862 च्या जवळ. आपण 17 अंशांवर, म्हणून आपलं मिनिट सात-साडेसात मीटर तोकडं. 1852 हा मधला आकडा, साधारण 45 अंशांवर जुळणारा.

तोसुद्धा सगळ्यांनी एकदम मानला नाही. 1929 साली मोनॅकोच्या परिषदेत ठरला, पण अमेरिका 1954 पर्यंत आपल्या 6080.20 फुटांच्या मैलावर होती आणि ब्रिटिश 1970 पर्यंत 6080 फुटांच्या. मैलामागे मीटर-सव्वा मीटरचा हा फरक. त्याची मला धास्ती नाही. धास्ती आहे ती आकडा एका मापाचा आणि डोकं दुसऱ्या मापात असण्याची.

तू सहावीत होतीस तेव्हा बोट खाडीच्या तोंडाशी वाळूवर चढली होती, आठवतं? तुला तेव्हा कारण सांगितलं नव्हतं. पाण्याची खोली दाखवणारा फिशफाइंडर दुरुस्तीहून आला होता आणि त्यात मीटरच्या जागी फूट लागले होते. ओहोटी लागलेली, पडद्यावर 10. मी म्हटलं, दहा मीटर पाणी आहे, चला. पाणी होतं तीन मीटर, आणि पुढे त्याहून कमी. पंखा वाकला, आणि आठ खलाशी भरतीची वाट बघत रात्रभर बसले. यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं. मी माप विचारलं नव्हतं.

आता रोज बंदर सोडताना जीपीएसमध्ये सागरी मैलच आहेत ना, ते बघतो. किनाऱ्यापासूनची 12 मैलांची सागरी हद्द सागरी मैलात 22.2 किलोमीटरवर येते, जमिनीच्या मैलात 19.3 वर. तीन किलोमीटरचा घोळ, आणि तो हद्दीवर! तूही नकाशावर अंतर मोजशील तेव्हा कर्कटक बाजूच्या, अक्षांशाच्या पट्टीला लाव, तोही आपल्या अक्षांशाजवळ. वरच्या, रेखांशाच्या पट्टीला कधीच नको. रेखांशाचं मिनिट आपल्याकडे सुमारे 1775 मीटरच भरतं आणि उत्तरेकडे जाशील तसं आणखी आकसतं.

आजोबा पाणी वावात मोजायचे, शिशाची दोरी सोडून. छापील नकाशातला वाव सहा फुटांचा, त्यांचा मात्र त्यांच्या पसरलेल्या हातांचा. त्यांचे हात लांब, माझे आखूड. ते "सात वाव" म्हणाले की माझ्या हातांनी साडेसात भरायचे, आणि नांगराला दोरी किती सोडायची यावरून आमची बोलाचाली व्हायची. ती गाठींची दोरी माळ्यावर आहे. दिवाळीत आलीस की टेप घेऊन बसू. त्यांचा वाव किती फुटांचा होता, ते मला एकदा मोजून बघायचंय.

तुझा,
बाबा