रीस्टार्ट मारायच्या आधी मेसेज वाचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जून लागला की लातूर घ्या, नांदेड घ्या नाहीतर संभाजीनगर, कॉलेजच्या ऑफिसबाहेर टीसी-बोनाफाईडसाठी लेकरं ताटकळायलेत अन् खिडकीतून एकच उत्तर येतंय, सर्व्हर डाऊन आहे. लोकांना वाटतं मुंबई-पुण्याकडंच काहीतरी बिघडलं. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले, ते पोर्टल अडकलं तर क्लार्क बिचारा काय करणार, मान्य. पण टीसी, जनरल रजिस्टर, फीच्या एक्सेल शीटा हे सगळं बहुतेक ठिकाणी ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवर शेअर केलेल्या फोल्डरमधी असतं, त्यालाच सगळे सर्व्हर म्हणतात, अन् घोडं अडतं ते तिथंच. मी लातुरात नेटवर्कची कामं करतो म्हणून हे लिहायलोय.

इकडच्याच एका कॉलेजातली गोष्ट, नाव घेत नाही. सकाळी दहाला फोल्डर सगळ्यांकडं उघडायचा, साडेअकराच्या सुमाराला कुणाकडं उघडतोय कुणाकडं नाही, अन् जेवणाच्या सुट्टीनंतर आपोआप बरा. असा येऊन-जाऊन फॉल्ट लई वाईट, कारण बघणारा माणूस येईस्तोवर तो गायब झालेला असतो. आधीच्या मेंटेनन्सवाल्यांनी काय केलं तर एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाकला, म्हणजे कुणीही फोल्डर उघडावा, बदलावा, पुसावा; बाहेरचं नको ते कनेक्शन अडवणारी फायरवॉल बंद केली अन् बिल लावलं. अहो, परमिशनचाच घोळ असता तर तोच फोल्डर त्याच युजरला सकाळी कसा उघडला असता? उलट दार सताड उघडं राहिलं. २०१७ मधी वॉनाक्राय व्हायरस याच फाईल शेअरिंगच्या एसएमबी-१ नावाच्या जुन्या पद्धतीतल्या भोकातून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पसरला होता, हे या लोकांना माहीत नसावं का?

खरं कारण तर स्क्रीनवरच लिहून येत होतं. 'नो मोअर कनेक्शन्स कॅन बी मेड टू धिस रिमोट कॉम्प्युटर', म्हणजे आता या मशीनला आणखी कुणी जोडता येत नाही. पण मेसेज आला की ओके दाबायचं, ही सवयच लागलेली. तो 'सर्व्हर' म्हणजे साधा विंडोज १० प्रोचा डेस्कटॉप, अन् साध्या विंडोजला, १० असो की ११, एका वेळी २० च कनेक्शन चालतात. एरवी ऑफिसात तेवढी मशीनं नसतातच, म्हणून वर्षभर कुणाला काही जाणवत नाही. जूनमधी लॅबमधले कॉम्प्युटर प्रवेशाच्या कामाला लावले, वरून स्कॅन करून थेट फोल्डरमधी टाकणारं झेरॉक्स मशीन, ते पण एक जागा धरून बसतं. रिकामं बसलेलं कनेक्शन विंडोज १५ मिनिटांनी स्वतःच तोडतं, म्हणून जेवणानंतर जागा मोकळी व्हायची, अन् रीस्टार्ट मारला की सगळ्यांचीच कनेक्शनं तुटायची म्हणून 'रीस्टार्टनं चालतंय' अशी सगळ्यांची खात्री. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधी शेअर्ड फोल्डर्स, त्यात सेशन्स उघडून बघितलं तर यादीच समोर येते, कोण कोण चिकटलंय ते. रीस्टार्टनं ती यादी पण पुसली जाते, मग शोधणार कशातून?

दर वेळी हेच कारण असतं असं नाही. आपल्याकडं लाईट जाते, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहतात पण टेबलाखालचा नेटवर्क स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथं जोडतात तो डबा, साध्या बोर्डावर लावलेला असतो, तो बंद पडून परत चालू होईस्तोवर सगळ्यांचे फोल्डर गेले. कुठं राऊटरनं सर्व्हरला नवीनच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्त्याचा नंबर, दिलेला असतो. सर्व्हरच्या नावानं उघडत नाही पण आयपी टाकला की उघडतं, तर नाव शोधण्यात गडबड आहे. दोन्हींनी नाही अन् पिंग, म्हणजे ते मशीन उत्तर देतंय का हे बघायची कमांड, मधी मधी तुटतोय, तर आधी वायर, जॅक अन् स्विच बघा, उंदीर पण वायरी कुरतडतात.

संस्थाचालकांना सांगणं एवढंच की नवीन महागड्या मशीनचं कोटेशन मंजूर करायच्या आधी मेंटेनन्सवाल्याला कारण लेखी मागा. वर सांगितलेल्या कॉलेजात नवीन डेस्कटॉप घेतला असता तरी त्यात तीच विंडोज अन् तीच २० ची मर्यादा. त्यापेक्षा पडून असलेल्या जुन्या पण धड मशीनवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) अन् त्यावर फोल्डर शेअर करणारं सांबा टाकलं तर ही २० ची अट राहत नाही अन् लायसनचे पैसे पण लागत नाहीत, फक्त बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. अन् क्लार्क मंडळींनो, एरर आली की ओके दाबायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, त्यात वेळ दिसू द्या, अन् तेव्हा शेजारच्या टेबलावर उघडतंय का तेवढं विचारून ठेवा. आम्हाला अर्धं काम तिथंच झालेलं मिळतं.

आपला,
एक नेटवर्कवाला, लातूर