शेततळे पावसाचे की बोअरचे?

महोदय,

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. वाहून जाणारे पावसाचे पाणी साठवायचे आणि पावसाने ताण दिला की पिकाला एखादे संरक्षित पाणी द्यायचे, ही कल्पना चांगलीच होती. सोयाबीनच्या शेंगा भरताना मिळालेले एक पाणीही पीक तारून नेते. पण आमच्या भागात मोसंबी जगवण्यासाठी बरीच तळी प्लास्टिकचा कागद अंथरून बोअरच्या पाण्याने भरली जातात. काळ्या पाषाणात मुळात पाणी थोडे. ते उपसून ऐन उन्हाळ्यात उघड्यावर ठेवायचे, म्हणजे त्यातल्या बऱ्याचशा पाण्याची वाफच करायची. कागदामुळे ते परत मुरतही नाही. शेजाऱ्याची विहीर आटते ती वेगळीच. (डोळ्यांदेखत बाग वाळते तेव्हा दुसरे काय सुचणार, हेही खरे.) शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना भूजल कायद्यात मनाई आहे, बोअरच्या गाड्या मात्र थांबलेल्या नाहीत. निदान अनुदान देताना तळ्यात पाणी कुठून येणार, हे जागेवर जाऊन पाहावे. ज्या तळ्यात शेतातला ओघळ येतच नाही, त्याला सरकारी पैसा कशासाठी?

— एक शेतकरी, अंबड (जि. जालना)