हुतात्मे नाचात कसे आणायचे?

सोलापूर
जानेवारी

प्रिय सखे,

तुझं पत्र मिळालं. चार हुतात्म्यांवर नृत्यनाट्य बसवायचं तर शेवट फाशीच्याच प्रसंगानं करावा, असं तू लिहिलंस. मला ते पटत नाही. फोनवर हे सगळं घाईत झालं असतं, म्हणून लिहायला बसले.

१९३० साल इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, गाव रस्त्यावर उतरलं, गोळीबार झाला आणि १२ मेपासून मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. चौकात त्यांचे पुतळे आहेत, दरवर्षी हार पडतात. मग रंगमंचावर चार पोरांच्या गळ्यात दोर अडकवून आपण त्यात कसली भर घालणार? लोक डोळे पुसतील आणि घरी जातील. त्या काळी या गावातली माणसं उभी कशी राहत, चालत कशी, त्यांचे हात कोणत्या कामाला सरावलेले होते, हे पुतळा सांगू शकत नाही. नाच सांगू शकतो. आणि ते शोधायला फार लांब जावं लागत नाही, बघ.

बारा तारखेला चौकात हार पडतात आणि लगेच गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, सुरू होतो. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला सांगितलं, ही कथा तुला माहीतच आहे. ते लग्न आपलं गाव दरवर्षी पुन्हा लावतं. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक त्यांच्या मागेपुढे असतात. काठी पेलणाऱ्याकडे या वेळी मी नुसती बघत राहिले. मान ताठ, नजर वर, पाऊल आधी चाचपून मगच टाकलेलं. आणि भोवतालचे हात, काठी कलली तर सावरायला आधीच पुढे आलेले! एकट्याच्या अंगावर तोल आणि त्याच्याभोवती सगळं गाव जागं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. बाप मुलाला सरावात शिकवतो आणि ते पुढे जातं. नृत्याचा अभ्यासक रुडॉल्फ लाबाननं १९२८ साली हालचाल कागदावर उतरवायची लिपी मांडली. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. तिनं पावलाची दिशा नेमकी टिपता येईल, पण काठी कलताना शेजाऱ्याचा श्वास अडकतो तो कशात लिहिणार?

१९३०च्या गिरणी कामगारांनीही हीच मिरवणूक पाहिली असणार. म्हणून मला हुतात्म्यांकडे जायची वाट इथूनच दिसते. मुलींच्या हातात मात्र खोटी काठी मी देणार नाही. ती मानाची गोष्ट आहे, रंगमंचाचं सामान नव्हे. तो ताठ कणा आणि ते पुढे आलेले हात, एवढंच घ्यायचं, आणि तेही मानकऱ्यांना विचारून.

दुसरी वाट गावाच्या पूर्व भागातली. नवरात्रात तिकडच्या तेलुगू बायका तरवड आणि कुर्डूची फुलं रचून बतुकम्मा, म्हणजे फुलांची देवी, मांडतात, तिच्याभोवती वाकून टाळी देत फिरतात आणि ओळीमागून ओळ ‘उय्यालो’ म्हणतात. पद्मशाली घराणी मागाच्या कामासाठी इथं आली त्याला पिढ्या झाल्या. यातल्या कितीतरी मुलींना तेलुगू वाचता येत नाही, पण फेर चुकत नाही. याच दिवसांत आपण हादग्याभोवती फेर धरायचो, आठवतं? एका गावात दोन फेर, आणि आपण कधी त्यांच्या फेरात गेलो नाही.

याच बायकांचे हात दिवसभर विड्या वळतात. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. बघताना मला वाटतं, इतकी सफाईदार हस्तमुद्रा आम्ही वर्गात कुणाला शिकवली आहे का? नर्तक उदय शंकरांनी आपल्या अल्मोड्याच्या केंद्रात श्रम आणि यंत्र हाच विषय घेऊन नृत्यनाट्य केलं होतं, म्हणजे वाट नवी नाही. सोलापुरात मात्र गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले आणि त्या हातांकडे कुणी नाचणारं पाहिलंच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तू विचारशील, भरतनाट्यमवालीनं यात का पडावं? अगं, आमच्या नाचाच्या अंगातही इतिहास मुरलेला आहे. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा क्रम ज्या चार भावांनी लावला, ते मराठ्यांच्या तंजावरात, दुसऱ्या सरफोजींच्या दरबारी होते. त्या दरबारात मराठी रचनांवरही नाच होई. आणि ज्या देवदासींनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांच्या हातून तो विसाव्या शतकात सुटत गेला. १९३६ साली कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी राहिली, १९४७ साली मद्रासेत देवदासी प्रथाबंदीचा कायदा आला, आणि नाच नव्या घरांत गेला. त्यातल्याच एका घरात मी तो शिकले. म्हणून कुणाची हालचाल उचलताना तिच्या माणसांना मागे सोडायचं नाही, यावर मी अडून बसले आहे. विडी वळणाऱ्या दोघीतिघी रंगमंचावर स्वतः बसतील. त्यांच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे तालमीच्या दिवसांसाठीही द्यायचे, हे मी ठरवून टाकलंय.

आता तुझ्याकडून एक हवं आहे. यंत्रमागाची खटखट आदितालात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, बसवली की मिळमिळीत होते, आणि तशीच ठेवली तर मुलींना सम सापडत नाही. तुझे ते मृदंगवाले गुरुजी एक दिवस इकडे येतील का? त्यांना आधी कारखान्यात नेईन, मग वर्गात. राहायची सोय घरीच आहे. शनिवारी मात्र नको, त्या दिवशी मुलींची परीक्षा आहे. उत्तर लवकर धाड.

तुझीच मैत्रीण