तिकडे मायक्रो कसं शिकवतात? मुक्ताला पत्र

ओहायो, अमेरिका

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

सेकंड एमबीबीएसचं वेळापत्रक हातात पडल्या पडल्या तू मायक्रोबायॉलॉजीबद्दल (सूक्ष्मजीवशास्त्राबद्दल) विचारलंस, "आत्या, मायक्रो म्हणजे नुसतं पाठांतर असं सगळे सीनियर म्हणतात. तुमच्याकडे कसं शिकवतात?" फोनवर हे पुरं होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इथल्या बऱ्याच मेडिकल स्कूलमध्ये मायक्रो हा वेगळा विषय म्हणून उरलेलाच नाही. क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठानं १९५२ साली विषयवार शिकवणं सोडून अवयवसंस्थांप्रमाणे अभ्यासक्रम लावला आणि पुढे ती पद्धत देशभर पसरली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत इम्युनॉलॉजीचा (प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा) पाया आणि जंतूंची तोंडओळख होते. नंतर न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकोकस आणि टीबी फुप्फुसांच्या ब्लॉकमध्ये येतात, ई. कोलाय मूत्रसंस्थेच्या, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) मज्जासंस्थेच्या. त्याची पॅथॉलॉजी आणि औषधंही त्याच आठवड्यात, त्याच पेशंटभोवती.

छोट्या गटाचं एक सत्र कसं चालतं ते सांगते. टेबलाभोवती आठ मुलं, आणि केस तुकड्यातुकड्यानं हाती येते. पहिल्या कागदावर एवढंच: हॉस्टेलवर राहणारा १९ वर्षांचा मुलगा, एक दिवसाचा ताप, मान ताठ, पायांवर दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके. आधी काय कराल? ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायचा नमुना) घ्यायचं आणि लगेच अँटिबायोटिक. पाठीतलं पाणी काढायला उशीर होणार असेल तर औषध त्यासाठी थांबवायचं नाही. दुसऱ्या कागदावर त्या पाण्याचा रिपोर्ट: गढूळ, न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर, साखर कमी, प्रोटीन जास्त, ग्रॅममध्ये (या रंगकामात ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू जांभळे, निगेटिव्ह गुलाबी दिसतात) गुलाबी जोडगोळ्या, काही न्यूट्रोफिलच्या पोटात. इथे मुलांना थांबवून विचारतात: नमुना फ्रिजमध्ये ठेवला असता तर? या जोडगोळ्यांचा जंतू, मेनिंगोकोकस, थंडीनं मरतो, कल्चर कोरं आलं असतं. ग्रॅममध्ये काहीच दिसलं नसतं तर? मिलिलिटरमागे साधारण लाखभर जंतू असले तरच ते स्लाइडवर भरवशानं दिसतात. त्यामुळे कोरी स्लाइड म्हणजे आजार नाही, असं होत नाही.

तिसऱ्या कागदावर एकच ओळ असते: "या मुलाला तीन वर्षांपूर्वीही हाच आजार झाला होता." आणि तिथून इम्युनॉलॉजी सुरू होते. कॉम्प्लिमेंटचे (रक्तातल्या जंतूविरोधी प्रोटीनांचे) सी५ ते सी९ हे घटक मिळून जंतूच्या आवरणाला भोक पाडतात, आणि नायसेरिया (मेनिंगोकोकसचं कूळ) मारायला शरीराला मुख्यतः तोच मार्ग लागतो. त्यातला एक घटक जन्मतः नसेल तर बाकीचे बहुतेक जंतू आवरतात, हा मात्र पुन्हा पुन्हा येतो. सीएच५० (कॉम्प्लिमेंटचं एकूण काम मोजणारी) तपासणी बहुधा जवळपास शून्य येते. या मुलाला मेनिंगोकोकसच्या लसी द्यायच्या, आणि खोलीतल्या सोबत्यांना प्रतिबंधक औषध. असं एकदा शिकलेलं कॉम्प्लिमेंट विसरायला होत नाही. या पद्धतीचं मोठेपण मला इथेच दिसतं.

तिचं नुकसानही खरं आहे. स्टॅफ ऑरियस हा जंतू त्वचेत भेटतो, हाडांत भेटतो, हृदयाच्या झडपेवर भेटतो, अन्नातून होणाऱ्या विषबाधेत भेटतो. पण सगळे ग्रॅम पॉझिटिव्ह शेजारी शेजारी ठेवून कॅटॅलेज, कोअॅग्युलेज, हिमोलायसिस अशा ओळखीच्या चाचण्यांचा नकाशा मनात तयार होत नाही. त्यात प्रॅक्टिकल आटलं आहे, स्लाइड बहुतेक संगणकाच्या पडद्यावर दिसतात. जानेवारी २०२२ पासून इथल्या स्टेप वन (डॉक्टरकीच्या परवान्याची पहिली) परीक्षेत गुण देत नाहीत, फक्त पास किंवा नापास. तरीही पुष्कळ मुलं तास सोडून चित्रकथांसारखे व्हिडिओ आणि फ्लॅशकार्डं यांवर भिस्त ठेवतात. उत्तम फोटोतला जंतू त्यांना झटकन ओळखता येतो. बिघडलेली स्लाइड कशानं बिघडली हे मात्र सांगता येत नाही, कारण तशी स्लाइड त्यांनी पाहिलेलीच नसते.

तुमच्याकडे २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आहे, आणि त्यात ग्रॅम, झील-नील्सन (टीबीच्या जंतूसाठीचं रंगकाम) स्वतः करून दाखवावं लागतं. ते सह्यांपुरतं उरकू नकोस. स्मिअर (स्लाइडवर पसरलेला नमुना) इतका पातळ हवा की त्यातून छापील अक्षर वाचता यावं. हवेत पूर्ण वाळव, मग ज्योतीवरून दोन-तीनदा झटपट फिरव. स्लाइड हाताच्या पाठीला सोसवेल इतकीच गरम हवी, जास्त तापली की पेशी विस्कटतात. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी, आयोडीन १ मिनिट, पाणी. मग रंग उतरवणं. सगळी गडबड इथेच होते. अॅसिटोन असेल तर २-३ सेकंद, अल्कोहोल असेल तर वाहणारा थेंब बिनरंगी होईपर्यंत, आणि लगेच पाणी. शेवटी सॅफ्रानिन साधारण अर्धा ते एक मिनिट. जास्त उतरवलंस तर स्टॅफसुद्धा गुलाबी दिसेल. स्मिअर जाड असेल तर ई. कोलाय जांभळा राहील. कल्चर २४ तासांहून जुनं असेल किंवा पेशंटला आधीच अँटिबायोटिक मिळालं असेल, तर ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंची भिंत खिळखिळी होते आणि तेही गुलाबी दिसतात. म्हणून त्याच स्लाइडच्या एका टोकाला माहितीतला स्टॅफ आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलाय लाव. ते दोन्ही बरोबर रंगले तरच मधल्यावर विश्वास ठेव.

बेडक्याच्या नमुन्यात जंतू शोधायच्या आधी कमी पॉवरखाली बघ. एका फील्डमध्ये २५ हून जास्त न्यूट्रोफिल आणि १० हून कमी चपट्या एपिथेलियल पेशी असतील तर नमुना छातीतला. उलट असेल तर ती नुसती थुंकी. ती कल्चरला लावली तर तोंडातले जंतू वाढतील आणि त्यांच्यावर उगाच औषधं दिली जातील. (टीबीच्या नमुन्याला ही चाळणी लावत नाहीत.)

इम्युनॉलॉजी पुस्तकाच्या क्रमानं अंगावर येत असेल तर उलटीकडून शीक: एक भाग नाही, मग काय होतं? अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी नाहीत, तर बाळ पहिले सहाएक महिने आईकडून आलेल्या आयजीजी अँटिबॉडीवर ठीक राहतं, नंतर न्यूमोकोकससारखे आवरणवाले जंतू कान आणि छाती धरतात. न्यूट्रोफिल जंतू गिळतात पण त्यांना मारणारं सुपरऑक्साइड बनवू शकत नाहीत, तर स्टॅफ आणि अॅस्परजिलस या बुरशीचे गळू पुन्हा पुन्हा होतात. टी पेशीच नाहीत, तर आपल्याकडे जन्मल्याबरोबर दिलेली बीसीजीच (टीबीची जिवंत लस) अंगभर पसरू शकते. हा शेवटचा प्रसंग इथली मुलं फक्त वाचतात, कारण इथे सर्रास बीसीजी देत नाहीत. तुला वॉर्डात तो प्रत्यक्ष दिसू शकतो, म्हणून तान्ह्याची बीसीजीची बाजूची गाठ सुजलेली दिसली तर ती नीट बघ, आणि आधी कुणी भावंडं लहानपणीच गेली का हे हळुवारपणे विचार.

तुझी पहिली ग्रॅमची स्लाइड बिघडली तरी फेकू नकोस. फोटो काढून पाठव, कुठल्या पायरीवर चुकलं ते आपण दोघी मिळून शोधू.

ती. आईला आणि दादा-वहिनींना नमस्कार. छोट्याला गोड पापा.

तुझी,
आत्या