अर्थमंत्री मॅडम, आषाढीला आम्ही कुठं राहायचं?

मा. केंद्रीय अर्थमंत्री, नमस्कार.

मी सोलापूरचा, केंद्राचा साधा कर्मचारी, बेसिक 35,400, ड्युटी पंढरपूरला. घरभाडं भत्त्यासाठी तुम्ही शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग केलेत, त्या यादीत सोलापूर वाय आणि पंढरपूर झेड, म्हणून माझ्याच बॅचचा, माझ्याच बेसिकचा मित्र सोलापुरात बसतो त्याला घरभाडं 20 टक्के म्हणजे 7,080 आणि मला 10 टक्के म्हणजे 3,540. पुण्यात असतो तर एक्सचे 30 टक्के म्हणजे 10,620 मिळाले असते, त्याबद्दल तक्रार नाय, तिथं तेवढ्यात धड वन बीएचके पण मिळत नसेल.

पण पंढरपूर स्वस्त आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला? बदली झाल्यावर आठवडाभर खोली शोधत फिरलो. देवळाजवळचे मालक महिन्याने द्यायलाच तयार नाहीत, भाविकांना रोजावर दिली की जास्त सुटतात. एक जण तयार झाला तर अट काय, आषाढीला पंधरा दिवस आणि कार्तिकीला आठ दिवस सामान कोपऱ्यात रचून खोली मोकळी करून द्यायची आणि भाडं मात्र पूर्ण महिन्याचं. बायको म्हणली, मग आपण कुठं जायचं, वाळवंटात?

शेवटी सोलापुरातच राहिलो, रोज एसटीने सत्तरेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. म्हणजे भाडं भरतो वायचं आणि भत्ता घेतो झेडचा, कारण नियम ड्युटीच्या गावावर चालतो, राहत्या घरावर नाही. ट्रान्सपोर्ट अलाउन्सचं तर बोलूच नका, माझ्या लेव्हलला ठरावीक 19 मोठ्या शहरांत 3,600 आणि बाकी सगळीकडे 1,800, त्यावर डीए म्हणजे महागाई भत्ता वेगळा.

आणि घरभाड्याचा हा वर्ग ठरतो कशावर तर नुसत्या डोक्यांवर, 50 लाखाच्या वर एक्स, 5 ते 50 लाख वाय, त्याखाली सगळे झेड, ती डोकी पण 2011 च्या जनगणनेची. साडेनऊ लाखाचं सोलापूर आणि 45 लाखाचं सुरत एकाच वायमध्ये! आषाढीला लाखोंनी येणारे वारकरी यात कुठंच मोजले जात नाहीत, पण पंढरपुरातलं भाडं तेच ठरवतात ना.

आता आठवा वेतन आयोग न्या. रंजना देसाईंकडे आहे, तर गावात खोलीला प्रत्यक्षात काय भाडं पडतं ते बघून भत्ता ठरवा एवढं त्यांना कळवा, निदान तीर्थक्षेत्रांचं तरी वेगळं बघा.

त्या मालकाचा परवा परत फोन आला होता. खोली अजून रिकामी आहे म्हणतो, अट तीच.

आपला,
एक कर्मचारी, सोलापूर