निळं कोलंबाइन म्हणून भलत्याच बिया दिल्यात, पैसे परत करा

नमस्कार,

मार्च 2024 मध्ये तुमच्याकडून 'कोलोरॅडो ब्लू कोलंबाइन' या निळ्या फुलझाडाचा किट मागवला होता, बियांची 3 पाकिटं, ट्रे आणि माती मिळून 38 डॉलर. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमची जाहिरात बघितली, आपलीच मराठी माणसं आहेत म्हणून विश्वासाने घेतला. तीनदा फोन झाला, दोन ईमेल झाले, दर वेळी वेगळा माणूस आणि वेगळं उत्तर, म्हणून आता सगळं एकदाच लिहितेय.

आम्ही डेन्व्हरजवळ अरोराला राहतो. हे फूल 1899 पासून इथलं, म्हणजे कोलोरॅडोचं, राज्यफूल आहे, बाहेरून निळं, आत पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळे केसर आणि मागे दीड-दोन इंचाच्या सरळ बारीक शेपट्या. डोंगरात फिरायला गेलं की दिसतं, पण सरकारी जमिनीवरून रोप उपटायला 1925 च्या कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. म्हणजे बागेत हवं असेल तर आमच्यासारख्यांना विकतच घ्यावं लागतं, आणि बी बघून तर काही कळत नाही, काळ्या तिळाएवढं चकचकीत बी, सगळ्या जातींचं साधारण तसंच. पाकिटावर जे लिहिलंय त्याच्यावरच भरवसा ठेवायचा ना?

तर पाकिटावर काय लिहिलं होतं, एक इंच खोल पेरा, 10 दिवसांत उगवेल, त्याच उन्हाळ्यात फुलं येतील. मी तसंच केलं आणि पहिलं अख्खं पाकीट वाया गेलं, एक कोंब नाही. मग मीच शोधाशोध केली. या बियांना आधी थंडी लागते हो, आणि उगवायला उजेड लागतो, एक इंच मातीखाली गाडल्यावर त्या कशा येणार! दुसऱ्या पाकिटातल्या बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून झिपच्या पिशवीत घालून 4 आठवडे फ्रिजमध्ये ठेवल्या, मग मातीवर नुसत्या भुरभुरवून बोटाने दाबल्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ स्प्रेने पाणी मारलं, तेव्हा कुठे 26 व्या दिवशी पहिला कोंब दिसला. त्या उन्हाळ्यात नुसती पानं, कोथिंबिरीसारखी दिसतात तशी. बियांपासून लावलं की फूल बहुतेक दुसऱ्या वर्षीच येतं, हे पाकिटावर लिहायला काय हरकत होती?

2025 च्या मे महिन्यात पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा आल्या. तुमच्या फोनवरच्या दादांनी रोग आहे सांगून 16 डॉलरचं औषध घ्यायला लावलं. ती पानाच्या आत पोखरणारी अळी असते, वरवर मारलेलं औषध तिथपर्यंत कुठून पोचणार, आणि झाडाला त्याने फारसं काही होतही नाही, तेवढी पानं खुडली की झालं. औषध मी मारलंच नाही, फुलांवर मधमाश्या येतात.

आणि मग फुलं आली. गुलाबी-जांभळी, खाली माना घातलेली, आखूड शेपट्या आणि त्यासुद्धा आकड्यासारख्या आत वळलेल्या. ही कोलंबाइनचीच युरोपातली जात आहे, व्हल्गॅरिस. सुंदर आहे, नाही असं नाही, पण मी ही मागवली नव्हती. आई साताऱ्याहून आली होती, कासला लहानपणापासून जाणारी बाई, तिला रानफुलांचं भारी वेड, फोनवर वर्षभर विचारत होती आलं का गं तुझं निळं फूल. ती पाकिटावरचा फोटो हातात घेऊन त्या फुलांसमोर कितीतरी वेळ उभी होती, मला काही बोलली नाही. मला फार वाईट वाटलं.

तुमचं ईमेल म्हणतं 'नॅचरल व्हेरिएशन', म्हणजे नैसर्गिक फरक. रंग थोडा फिका-गडद झाला तर ते व्हेरिएशन, शेपटीचा आकारच वेगळा म्हणजे जात वेगळी. आणि प्रश्न माझ्या एकटीच्या वाफ्याचा नाहीये. कोलंबाइनच्या जाती एकमेकांत सहज मिसळतात. शेजारच्या आजींकडे खरं निळं आहे, कुंपणाला लागूनच, तिथे हे पराग गेले तर त्यांच्या पुढच्या रोपांचा काही नेम नाही. म्हणून बी धरायच्या आत माझी सगळी फुलं मी कात्रीने कापली, दीड वर्ष वाट बघून आलेली.

मला किटचे 38 आणि औषधाचे 16 असे 54 डॉलर परत हवेत. पाकिटावरची माहिती बदला आणि याच लॉटच्या बिया अजून ज्यांना गेल्यात त्यांना कळवा, विशेषतः जे डोंगराजवळ राहतात त्यांना. फुलांचे, पाकिटांचे आणि बिलाचे फोटो जोडलेत, लॉट नंबर त्यात दिसतोय. तिसरं पाकीट अजून फोडलेलं नाही, तपासायला हवं असेल तर पाठवते. उत्तर लेखी द्या, फोन नको.